भीमेचे माहेर

इंदापूर तालुक्याच्या अगदी टोकाला, जेथे नीरा आपले पाणी भीमेच्या ओटीत घालते, तेथे नरसिंहपूरचे क्षेत्र वसले आहे. महाराष्ट्रातील असंख्य कुटुंबांचे हे कुलदैवत. संगमात स्नान करून श्रीलक्ष्मीनृसिंहाच्या दर्शनास जाणाऱ्या भाविकाच्या मनात पुढच्या वाटेचे, म्हणजे पंढरीचे, विचार असतात. कारण हीच भीमा पुढे चंद्रभागा म्हणून विठ्ठलाच्या पायाशी वाहते. परंतु हे पाणी आले कोठून, याचा विचार आपल्यापैकी किती जण करतात? नदीच्या तीर्थाची आपण पूजा करतो; तिच्या माहेराची मात्र आपल्याला फारशी आठवण राहत नाही.

ते माहेर भीमाशंकरच्या डोंगरात आहे. सह्याद्रीच्या कण्यावर सुमारे तीन हजार फूट उंचीवरील या अरण्यात भीमा उगम पावते. पुढे इंद्रायणी, मुळा-मुठा, घोड या भगिनींना सोबत घेऊन ती उजनीच्या जलाशयात विसावते आणि तेथून नरसिंहपुरास येते. इंदापूर-बारामतीचा प्रदेश पर्जन्यछायेचा. आभाळाची कृपा येथे नेहमीच तोकडी. भीमाशंकरच्या माथ्यावर एका पावसाळ्यात जितके पाणी पडते, त्याचा सहावा हिस्साही इंदापूरच्या वाट्याला क्वचितच येत असेल. येथील ऊस, द्राक्षे आणि डाळिंब ही सारी सह्याद्रीच्या पावसावर उभी आहेत. तेव्हा घाटमाथ्यावरील अरण्याचा प्रश्न हा हौशी निसर्गप्रेमी मंडळींचा प्रश्न आहे, असे कोणी समजत असेल तर तो मोठा भ्रम होय.

हे अरण्य १९८५ साली शासनाने अभयारण्य म्हणून घोषित केले. पुणे, ठाणे व रायगड या तीन जिल्ह्यांत पसरलेले त्याचे क्षेत्र सुमारे १३१ चौरस किलोमीटर आहे. जांभूळ, अंजनी, हिरडा यांची दाट सदाहरित राई, काही वर्षांच्या अंतराने एकदाच फुलून डोंगर जांभळा करणारी कारवी, पावसाळ्यात अंधाऱ्या रात्री कुजक्या लाकडावर मंद प्रकाशणारी बुरशी, वळवाच्या सुमारास झाडे उजळणारे काजवे, ही येथली संपत्ती. बिबट्या, सांबर, भेकर यांचे हे वसतिस्थान. आणि शेकरू, ज्याला महाराष्ट्राने आपला राज्यप्राणी म्हणून मान दिला, त्याचे तर हे हक्काचे घर. हा प्राणी सहसा जमिनीवर उतरत नाही. झाडाच्या शेंड्यावरून शेजारच्या शेंड्यावर उड्या मारीत तो हिंडतो. झाडांच्या फांद्या एकमेकींस भिडलेल्या असतील तोवरच त्याचा संसार चालतो. रस्ता रुंद केला आणि वरचे छत तुटले, की त्याचे राज्य दुभंगले. राज्यप्राणी म्हणून गौरव करावयाचा आणि त्याच्या वाटा तोडावयाच्या, ही विसंगती आम्हांला समजत नाही.

भीमाशंकर हे बारा ज्योतिर्लिंगांपैकी एक. महाशिवरात्रीस आणि श्रावणातील सोमवारी येथे लोटणारा जनसागर ही श्रद्धेची खूण आहे आणि तिचा अनादर करण्याचे आमच्या मनातही नाही. वृद्ध यात्रेकरूला स्वच्छ पाणी, निवारा व शौचालय मिळालेच पाहिजे. परंतु अलीकडे यात्रेकरूंच्या बरोबरीने दुसरी एक गर्दी येऊ लागली आहे. पावसाळ्यातील सुट्टीच्या दिवशी मोटारींच्या रांगा, कर्ण्यांचा गोंगाट, रिकाम्या बाटल्यांचे ढीग हे दृश्य पुणे-मुंबईच्या सुशिक्षितांस भूषणावह नाही. काजवे अंधाराच्या आधारानेच एकमेकांस शोधतात. मोटारीच्या दिव्यांचा झोत टाकून त्यांचे दर्शन घेणे म्हणजे भेटीस जाऊन यजमानालाच घराबाहेर काढण्यासारखे आहे. वास्तविक, खांडसहून गणपती घाटाने अथवा शिडी घाटाने पायी चढून येणाऱ्या तरुणांची परंपरा येथे जुनी आहे. तिला कोणी विरोध करू नये. पायांनी पाहिलेला डोंगर मनुष्यास नम्र करतो.

डोंगराशी उद्दाम वागण्याची किंमत काय असते, हे याच परिसराने भोगलेले आहे. ३० जुलै २०१४ च्या सकाळी आंबेगाव तालुक्यातील माळीण गाव दरडीखाली गाडले गेले आणि सुमारे दीडशे माणसे मृत्युमुखी पडली. कारणांविषयी तज्ज्ञांत मतभेद असतील. पण मुसळधार पावसाच्या उतारावर मातीची पकड सैल झाली की काय होते, याविषयी मतभेदाला जागा उरली नाही. त्याआधीच, २०११ साली, माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील समितीने भीमाशंकरच्या शेजारी पवनचक्क्यांसाठी केलेल्या रस्त्यांनी डोंगराची कशी हानी झाली, याकडे लक्ष वेधले होते. तोच गाळ खाली वाहत येतो आणि धरणांत साचतो. सुमारे ११७ अब्ज घनफूट क्षमतेच्या उजनीची चिंता वाहणाऱ्यांनी ही गोष्ट विसरू नये.

मात्र अरण्यरक्षणाचा भार केवळ तेथील महादेव कोळी बांधवांवर लादणे हा अन्याय होईल. अभयारण्याच्या घोषणेपूर्वी पिढ्यान्‌पिढ्या ते तेथे राहत आले आहेत. देवराया त्यांनीच राखल्या. हिरडा गोळा करून त्यांची चूल पेटते. गरिबाने मोळी आणली तर गुन्हा आणि श्रीमंताने विश्रामगृह बांधले तर विकास, असा न्याय टिकावयाचा नाही. २००६ च्या वनहक्क कायद्याने त्यांना दिलेले हक्क कागदावर न राहता हातात पडले पाहिजेत.

आमच्या सूचना साध्या आहेत. मोटारी अरण्याच्या सीमेबाहेरच थांबवाव्यात आणि पुढे एस. टी.च्या गाड्यांनी लोकांस न्यावे. मंदिराच्या परिसरातील सुधारणा झाडांना धक्का न लावता कराव्यात. जंगलातील वाटांवर दररोज किती माणसे जावीत याची मर्यादा ठरवावी, वाटाडे स्थानिक तरुणांतून नेमावेत आणि प्रवेशशुल्काचा मोठा वाटा गावांना द्यावा. २०२७ साली नाशिकचा सिंहस्थ आहे. त्यास येणारे पुष्कळ यात्रेकरू भीमाशंकरकडेही वळतील. ही व्यवस्था त्याआधी झाली नाही, तर नंतर करण्यासारखे फारसे उरणार नाही.

नरसिंहपूरच्या घाटावर ओंजळीत पाणी घेऊन आपण सूर्यास अर्घ्य देतो. ते पाणी घाटमाथ्यावरील त्या अरण्याचे ऋण आहे. ऋण फेडण्याचा धर्म आपल्या परंपरेने शिकविला आहे. तो देवळाच्या पायरीपाशी संपत नाही.