छायाचित्राखालचें नांव

सातारा-सांगलीकडील जुन्या घरांच्या भिंतींवर जीं छायाचित्रें टांगलेलीं दिसतात, त्यांची मांडणी बहुधा एकच असते. आजोबा पगडी घालून खुर्चीवर बसलेले, आणि आजीबाई लुगड्याचा पदर सांवरून शेजारीं उभ्या. स्त्रीनें कॅमेऱ्यापुढें उभें राहण्यास कोणाची हरकत नव्हती; ती कॅमेऱ्यामागेंही उभी राहूं शकेल, हें मात्र सहसा कोणाच्या मनांत येत नसे.

दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ १९१३ सालीं पडद्यावर आला. त्यासाठीं कच्च्या फिल्मला भोकें पाडणें, ती धुणें, आणि शिवाय सगळ्या मंडळींचा स्वयंपाक करणें, हीं कामें सरस्वतीबाई फाळके यांनीं केलीं. लोकांच्या तोंडीं नांव झालें तें दादासाहेबांचें.

त्याच वर्षीं, ९ डिसेंबर रोजीं, नवसारीस एका पारशी घरांत होमाईबाईंचा जन्म झाला. वडील फिरत्या नाटक मंडळींत नट होते. बिऱ्हाड पाठीवर घेऊन गांवोगांव हिंडणें म्हणजे काय, हें विष्णुदास भाव्यांच्या सांगलीस निराळें सांगावयास नको. पुढें मुंबईस होमाईबाई जे. जे. कलाशाळेंत शिकल्या. छायाचित्रणाचे पहिले धडे त्यांस माणेकशा व्यारावाला यांनीं दिले, आणि पुढें त्यांच्याशींच त्यांचा विवाह झाला.

होमाईबाईंचीं आरंभींचीं पुष्कळ चित्रें छापून आलीं, तीं मात्र माणेकशांच्या नांवानें. कां? तर काढणारी स्त्री, आणि तीही अप्रसिद्ध! आम्ही माणेकशांस दोष देत नाहीं. ज्यानें तिच्या हातीं कॅमेरा दिला, त्यास दोष कसा द्यावा? परंतु काम एकाचें व नांव दुसऱ्याचें, हा व्यवहार आमच्या सुशिक्षित घरांतही इतका अंगवळणीं पडला आहे कीं, त्यांत कांहीं वावगें आहे असें आम्हांस वाटेनासें झालें आहे.

१९४२ सालीं तीं उभयतां दिल्लीस गेलीं. तेथें पुरुष छायाचित्रकारांच्या गर्दींत साडी नेसलेल्या होमाईबाई जड कॅमेरे सांवरीत, सायकलवरून हिंडत, आपलें काम करीत. १९४७ सालीं फाळणीच्या ठरावास मत देण्यासाठीं वर झालेले पुढाऱ्यांचे हात, लाल किल्ल्यावर चढलेलें निशाण, पुढें गांधीजींची व नेहरूंची अंत्ययात्रा, हें सारें त्यांनीं टिपलें. ३० जानेवारी १९४८ रोजीं त्या गांधीजींच्या प्रार्थनासभेस निघाल्या होत्या. पतीनें बोलाविल्यावरून परत फिरल्या. त्या दिवशीं आपण तेथें नव्हतों, याची हळहळ त्यांस पुढें राहिली. ‘डालडा १३’ हें त्यांनीं घेतलेलें टोपणनांव. जन्म १९१३ सालचा, पतीची पहिली भेट तेराव्या वर्षीं, आणि मोटारीचा क्रमांक डीएलडी १३, अशी त्या नांवाची मौजेची कुळकथा आहे.

१९६९ सालीं माणेकशा वारले. १९७० सालीं होमाईबाईंनीं कॅमेरा खालीं ठेवला. नव्या छायाचित्रकारांची धक्काबुक्की व अमर्याद वर्तन त्यांस रुचलें नाहीं. हातचें कौशल्य शाबूत असतां, केवळ मर्यादा सुटली म्हणून त्या बाजूस झाल्या. त्यानंतर त्या चाळीसांहून अधिक वर्षें जगल्या. १९८९ सालीं एकुलता एक मुलगा गेला. बडोद्याच्या घरीं एकट्या राहून त्या स्वयंपाक करीत, बाग राखीत, सुतारकामही स्वतःच करीत. जगाला त्यांची आठवण फार उशिरां झाली. सबीना गडिहोक यांचें त्यांजवरील पुस्तक २००६ सालीं निघालें. पद्मविभूषण मिळालें तें २०११ सालीं, वयाच्या सत्त्याण्णवाव्या वर्षीं. पुढच्याच वर्षीं १५ जानेवारीस त्या निवर्तल्या.

इतकें दीर्घ आयुष्य लाभलें, म्हणून त्यांस आपलें नांव परत मिळालेलें पाहतां आलें. सर्वांसच तेवढें आयुष्य लाभत नाहीं. म्हणून वाचकांस आमची एकच विनंति आहे. येत्या दिवाळींत भिंतीवरील तसबिरी पुसावयास काढाल, तेव्हां त्यांच्या पाठीमागें शाईनें त्या आजीबाईंचें नांव व त्यांच्या हातचें एखादें काम लिहून ठेवावें. आजोबांचें नांव बहुधा तेथें लिहिलेलें असतेंच.