सुएडला पॉलिश लागत नाही

चौबे कॉलोनीतल्या भाड्याच्या घरात येऊन आठ महिने झाले. या वेळचं पोस्टिंग एनसीसीचं. सकाळी कॅडेट्सची परेड, दुपारी फायली, मधूनमधून जिल्ह्यांचे दौरे. युनिट नाही, मेस नाही, सहायकही नाही. महाराष्ट्र मंडळ जवळच असल्यामुळे मराठी कानावर पडतं, ओळखी लवकर होतात आणि रविवारी कुणाकडून तरी जेवायचं बोलावणं येतं. अशाच एका बोलावण्यात, हातात ताट धरून उभ्याने जेवताना आमटीची वाटी कलंडली. दुसऱ्या कुणाचा धक्का लागला असता तर बरं झालं असतं. वाटी माझ्याच हातून गेली. थेट उजव्या बुटावर.

बूट साधे नव्हते. वाळूच्या रंगाचे, घोट्यापर्यंतचे सुएडचे डेझर्ट बूट. लग्नाच्या पंधराव्या वाढदिवसाला बायकोने दिलेले.

चाळिशी ओलांडलेल्या, पंचवीस वर्षं बूट चमकवण्यात घालवलेल्या माणसाने जे करायला नको होतं, तेच मी पहिल्यांदा केलं. ओला रुमाल घेऊन खसाखसा पुसलं. डाग रुपयाएवढा होता, तो तळहाताएवढा झाला. भोवती चार जण जमले. एकाने लिंबू सांगितलं, एकाने मीठ, एका काकूंनी भांड्यांचा साबण. सुदैवाने बायकोने हात धरला आणि म्हणाली, "साबण लावलात तर बुटावर कुंकू उमटेल."

तिचं म्हणणं शब्दशः खरं होतं. हळदीला साबण, सोडा, चुना असं काही लागलं की ती लाल होते. आपल्याकडे कुंकू पूर्वी हळद आणि चुन्यापासूनच करायचे ते याच गुणामुळे. पांढऱ्या सदऱ्यावरचा वरणाचा डाग साबण लावताच लालभडक झालेला कुणी पाहिला नाही? सदरा नंतर धुऊन निघतो. सुएड धुऊन निघत नाही.

सुएड म्हणजे काय, हेही मला या बुटांनीच शिकवलं. नेहमीच्या बुटाला कातड्याची बाहेरची, घट्ट बाजू असते. तिच्यावर पॉलिशचा थर बसतो, थर चमकतो, पाणी वरून ओघळून जातं. सुएडमध्ये कातड्याची आतली बाजू घासून तिच्यावर लव काढलेली असते. ती लव म्हणजे मोकळे सुटलेले तंतू; पाणी, तेल, घाम, जे येईल ते पिऊन टाकणारे. बाहेरची बाजूच हलकी घासून मखमली केली की त्याला नुबक म्हणतात. सुएड हे नाव फ्रेंचमधल्या 'स्वीडनचे हातमोजे' या शब्दांवरून आलं. रायपूरचा मे आणि स्वीडनचे हातमोजे! असो.

तर घरी येऊन जे केलं ते असं. आधी कोरड्या सुती फडक्याने नुसतं टिपलं, घासलं नाही. मग डागावर कॉर्नफ्लोअरचा जाड थर दिला आणि बूट रात्रभर तसाच ठेवला. सकाळी पीठ पिवळट झालेलं होतं, म्हणजे तेल वर आलं होतं. जुन्या कोरड्या टूथब्रशने ते झाडलं आणि पुन्हा पीठ. तीन रात्री हेच. टाल्कम पावडरनेही काम होतं, पण सुगंधी नको; आठवडाभर बुटाला बाळाचा वास येतो, अनुभवाने सांगतो. तेल गेलं, पिवळेपणा राहिला. हळदीचा रंग उजेडाने फिका पडतो, म्हणून आठवडाभर सकाळचा तासभर बूट खिडकीत ठेवला. खिडकीत, गच्चीवर नाही. इथल्या उन्हाळ्यात पारा पंचेचाळिशीला टेकतो. त्या उन्हात सुएड पापडासारखं कडक होईल.

चिखलाचं गणित उलटं. आमटी लगेच टिपायची, चिखल मात्र पूर्ण वाळू द्यायचा. ओला चिखल पुसला की तो लवेत शिरतो. वाळलेला ब्रशने भुगा होऊन पडतो. उरलेल्या काळ्या खुणेवर शाळेतलं पांढरं खोडरबर फिरवायचं. पावसाच्या थेंबांची वर्तुळं उमटली तर फक्त वर्तुळं ओली करून उपयोग नाही, नवी वर्तुळं तयार होतात. पूर्ण बूट ओल्या फडक्याने सारखा दमट करायचा, आत पांढरा कागद कोंबायचा, सावलीत वाळवायचा आणि लव एका दिशेने ब्रश करायची. वर्तमानपत्र कोंबू नका, फिक्या रंगावर शाई उतरते. लव चपटी झाली असेल तर किटलीच्या वाफेवर क्षणभर धरून ब्रश फिरवला की उठते. जॅकेटलाही हेच नियम, फक्त त्याची कॉलर मानेच्या तेलाने काळी पडते आणि तिथे पिठाला जास्त रात्री लागतात. पण आधी आतलं लेबल वाचा. बाजारात सुएड म्हणून मिळणारं बरंच काही कृत्रिम कापड असतं (त्यातलं नावाजलेलं अल्ट्रासुएड जपानमध्ये 1970 साली तयार झालं) आणि त्यातलं बरंचसं खुशाल धुता येतं. खऱ्या कातड्याचे नियम त्याला लावून उगाच रात्री जागवू नका.

हे एवढं तपशिलात लिहितोय त्याला कारण आहे. सुएडचा हा माझा पहिला जोड नाही.

पहिला जोड मी राजस्थानात घेतला, तरुण कॅप्टन असताना. डेझर्ट बुटांचं खूळ तेव्हा आम्हा सगळ्यांनाच होतं, आणि त्यामागे फौजी कथाही आहे. नेथन क्लार्क नावाचा ब्रिटिश अधिकारी दुसऱ्या महायुद्धात बर्मात होता. तिथे काही अधिकाऱ्यांच्या पायात त्याला कैरोच्या बाजारात शिवून घेतलेले, क्रेप रबराच्या तळाचे सुएडचे बूट दिसले. तो बूट बनवणाऱ्या घराण्यातलाच. त्याने आराखडे घरी पाठवले आणि 1950 मध्ये ते बूट दुकानात आले. ही गोष्ट मी मेसमध्ये रंगवून सांगायचो. बूट मात्र स्वतः एकदाही साफ केले नव्हते.

एका शनिवारी संध्याकाळी पार्टीसाठी तयार व्हायला आलो तर दाराशी माझे बूट ठेवलेले, गडद तपकिरी आणि आरशासारखे चमकणारे. माझ्या सहायकाने त्यांना पॉलिश लावलं होतं. नुसतं लावलं नव्हतं, दोन तास घासलं होतं. सगळी लव मेणाखाली झोपलेली. मी त्याच्यावर ओरडलो, शेजारच्या खोल्यांतले दोन अधिकारी बाहेर येऊन बघत असताना. तो सावधानमध्ये उभा राहून "जी साहब" म्हणत राहिला. ते बूट वाचले नाहीत. सुएडमध्ये मुरलेलं मेण निघता निघत नाही.

त्या पोराची चूक काय होती? फौजेने त्याला एकच शिकवलं होतं, की बूट म्हणजे चमक. मलाही तेच शिकवलं होतं. खडकवासल्याला एनडीएत पहिल्या टर्मला ड्रिल बुटाच्या टोकात ड्रिल उस्तादाला स्वतःचा चेहरा दिसला पाहिजे असायचा. कापूस, पॉलिश, थुंकी आणि लहान लहान गोल. बूट मांडीवर घेऊन रात्री अकरापर्यंत. माझ्यासाठी त्यात आणखी एक गोष्ट होती, जी मी तेव्हा कुणाला सांगितली नाही. आमच्या सातारकडच्या घरात कातड्याला हात लावायची पद्धत नव्हती. चप्पल तुटली की ती अंगणाच्या कडेला ठेवायची, शिवणारा यायचा, आजी पैसे वरून टाकायची. पायरीच्या वर त्याला कधी बोलावलेलं मी पाहिलं नाही. एनडीएत कुणाची जात काय हे न विचारता सगळ्यांच्या मांडीवर बूट आला. आजीला ते दिसलं असतं तर तिने मला विहिरीवर पाठवलं असतं. मला वाटलं होतं, मी त्या अंगणातून कायमचा बाहेर पडलो.

आणि मग खांद्यावर तारे आले आणि बूट पुन्हा दाराबाहेर गेला. शिवणाऱ्याच्या जागी सहायक आला, एवढाच फरक.

सहायक पद्धतीबद्दल संसदीय समितीपासून वर्तमानपत्रांपर्यंत पुष्कळ बोलून झालं आहे. माझं मत सांगतो, पटलं नाही तर खुशाल भांडा. फील्डमध्ये अधिकाऱ्याबरोबर एक जोडीदार लागतोच. तो माझी पाठ राखतो, मी त्याची. तिथे कुणी कुणासाठी पाणी भरलं याचा हिशेब नसतो. पण शांत ठाण्यातला, मफ्तीतला, पार्टीचा बूट? तो ज्याचा त्याने साफ करावा. यात शिस्तीचं काही बिघडत नाही. उलट ज्याने कधी स्वतः घासलं नाही, त्याला दुसऱ्याला काय सांगायचं हेसुद्धा कळत नाही. मला कळलं नव्हतं. "याला पॉलिश नको" हे तीन शब्द मी त्या मुलाला सांगू शकलो असतो, पण ते मलाच माहीत नव्हते.

चौबे कॉलोनीतून मुख्य रस्त्याला लागताना एक म्हातारे मोची बसतात. आमटीचा डाग बराच उतरल्यावर मी त्यांच्याकडे टाच बघायला बूट घेऊन गेलो. त्यांनी तो हातात घेतला, अंगठा लवेवरून आधी उलटा आणि मग सुलटा फिरवला, आणि माझा हात पॉलिशच्या डबीशेजारी टेकलेला पाहून घाईने म्हणाले, "साहब, एमा पालिस झन लगावव." याला पॉलिश लावू नका. मग आपल्या पेटीतून जुन्या क्रेप सोलचा एक तुकडा काढला आणि डागाच्या जागी हलक्या हाताने घासला. माझ्या खोडरबरापेक्षा तो भारी निघाला. किती द्यायचे विचारलं तर टाचेचे तेवढे घेतले. मी त्यांच्या बाजूच्या दगडावर बसलो आणि दुसरा बूट स्वतः घासला. त्यांनी मधेच माझा हात धरून दिशा बदलली.

तो सहायक आता निवृत्त होऊन गावी असतो. दिवाळीला त्याचा फोन येतो, आम्ही मुलांच्या शिक्षणाचं बोलतो. बुटांचा विषय आजवर निघालेला नाही. मागच्या आठवड्यात मीच फोन केला आणि विषय काढला. तो हसला. म्हणाला, "साहब, मला वाटलं होतं तुम्ही विसरलात." त्याला सगळं आठवत होतं, कोण दारात उभं होतं तेही.

पाऊस आता टेकलाय. बूट उशीच्या जुन्या अभ्र्यात ठेवलेत, प्लास्टिकमध्ये घातले की बुरशी धरते. उजव्या बुटावर निरखून पाहिलं तर करंगळीच्या नखाएवढी पिवळी झाक अजून आहे.