संदेश गेला, पोच कुठे आहे?

कंपन्यांच्या व्यवस्थापनांना सल्ला देणाऱ्या मंडळींचा एक आवडता तक्ता आहे. डाव्या बाजूला ग्राहकाशी संपर्क साधण्याची साधने : टपाल, एसएमएस, ईमेल, व्हॉट्सॲप आणि अलीकडचे आरसीएस. समोर रकाने : एका संदेशाचा खर्च किती, तो किती क्षणांत पोहोचतो, शंभरातले किती जण उघडून पाहतात. या तक्त्यात टपाल नेहमीच तळाशी असते आणि व्हॉट्सॲप माथ्यावर. निष्कर्षही तयारच असतो : कागद बंद करा, पोस्टमन विसरा, पैसे वाचवा.

या तक्त्यात एक रकाना मात्र कधीच नसतो. संदेश पोहोचला नाही तर भुर्दंड कोणाला? कामगार बंधू-भगिनींनी नेमका हाच प्रश्न विचारला पाहिजे. कारण कामगार हा बँकेचा खातेदार आहे, विमेदार आहे आणि वीजग्राहकही आहे.

साडीच्या सेलची जाहिरात कोणत्याही मार्गाने आली वा न आली, कोणाचे काही बिघडत नाही. पण काही संदेशांतून घड्याळ चालू होते. रिझर्व्ह बँकेचे ६ जुलै २०१७ चे परिपत्रक पाहा. बँकेचा किंवा खातेदाराचा दोष नसताना तिसऱ्याच ठिकाणच्या गडबडीने खात्यातून रक्कम गेली, तर बँकेची सूचना मिळाल्यापासून कामकाजाच्या तीन दिवसांत कळवणाऱ्या खातेदाराची जबाबदारी शून्य, असे त्यात सांगितले गेले. चार ते सात दिवस लागले तर तो तोट्यात वाटेकरी. त्याहून उशीर झाला तर बँक आपल्या धोरणानुसार ठरवणार. म्हणजे सूचना कधी ‘मिळाली’ यावर कामगाराची शिल्लक अवलंबून! आणि या सूचनेच्या एसएमएसचे शुल्कही अनेक बँका खातेदाराच्याच खात्यातून कापून घेतात.

आता साधनांची तुलना आपल्या बाजूने करू.

नोंदणीकृत टपाल महाग आणि संथ, हे मान्य. पण तिथे पोस्टमन दारात येतो, माणूस पाहतो, सही घेतो. योग्य पत्त्यावर नोंदणीने पाठवलेले पत्र, विरुद्ध पुरावा येईपर्यंत, पोहोचले असे धरावे, असे १८९७ च्या जनरल क्लॉजेस ॲक्टचे कलम २७ सांगते. कायद्याने हा विश्वास यंत्रावर टाकलेला नाही. पत्र वाहून नेणाऱ्या जबाबदार नोकरावर टाकला आहे. त्या व्यवस्थेचे काय झाले? तार जुलै २०१३ मध्ये बंद झाली. २०२५ मध्ये नोंदणीकृत टपाल ही स्वतंत्र सेवा स्पीड पोस्टमध्ये विलीन झाली. खेड्यापाड्यांत पत्र नेणारा ग्रामीण डाक सेवक अजूनही नियमित सरकारी कर्मचाऱ्याच्या दर्जासाठी झगडतो आहे.

एसएमएसचा एक मोठा गुण आहे : तो साध्या बटणांच्या फोनवर, इंटरनेटशिवाय येतो. त्यावर ट्रायचे नियमनही आहे. २०१८ च्या नियमांनुसार धंदेवाईक संदेशाचे शीर्षक आणि मजकुराचा साचा आधी नोंदवावा लागतो. ८ मार्च २०२१ रोजी ही छाननी प्रत्यक्ष सुरू झाली तेव्हा देशभर बँकांचे ओटीपी अडकले आणि दुसऱ्याच दिवशी ट्रायला ती सात दिवसांसाठी स्थगित करावी लागली. गोंधळ झाला खरा. पण जाब विचारायला एक सार्वजनिक दार होते. तरीही एसएमएस हा विश्वासाचा मार्ग राहिलेला नाही. ‘आज रात्री साडेनऊला तुमची वीज तोडली जाईल’ असे खोटे संदेश पाठवून भामट्यांनी किती घरे लुटली! विद्युत कायदा २००३ चे कलम ५६ वीज तोडण्यापूर्वी किमान १५ दिवसांची लेखी नोटीस मागते. ही नोटीस कागदावर हातात पडण्याचीच सवय असती, तर रात्री साडेनऊच्या धमकीला कोण भुलले असते?

व्हॉट्सॲपची गोष्ट वेगळी. २०१८ मध्ये ते धंद्यांसाठी खुले झाले. मालक एक परदेशी कंपनी. दर तिचे, नियमही तिचेच. २५ ऑक्टोबर २०२२ रोजी ते सुमारे दोन तास बंद पडले, तेव्हा ग्राहकाने कोणत्या कार्यालयात जायचे होते? २०२१ च्या गोपनीयता धोरणावरून स्पर्धा आयोगाने नोव्हेंबर २०२४ मध्ये मेटा कंपनीला २१३ कोटी रुपयांचा दंड केला आणि प्रकरण अपिलात गेले. आरसीएसही गूगलच्या छायेतले. २०२२ मध्ये जाहिरातींचा इतका भडिमार झाला की गूगललाच भारतात ते धंदेवाईक संदेश थांबवावे लागले.

आणि त्या दोन खुणांचा पुरावा तो काय? त्या सांगतात एवढेच, की संदेश एका यंत्रात उतरला. यंत्र मुलाच्या हातात असेल, गहाण पडले असेल, किंवा सुरतेहून गावी परतलेल्या कामगाराने रिचार्ज न केल्याने नंबरच बंद झाला असेल. बंद झालेला नंबर काही काळाने दुसऱ्याला मिळतो; मग पहिल्याची नोटीस दुसराच वाचतो. सर्वोच्च न्यायालयाने साथीच्या काळात, जुलै २०२० मध्ये, व्हॉट्सॲपवरून बजावणीला मोकळीक दिली होती. पण जानेवारी २०२५ मध्ये त्याच न्यायालयाने, पोलिसांनी हजर राहण्याची नोटीस व्हॉट्सॲपवर बजावू नये, असे बजावले. हा आदेश फौजदारी कायद्यापुरता आहे, हे खरे. पण माणसाचे स्वातंत्र्य ज्या धाग्यावर टांगता येत नाही, त्या धाग्यावर त्याची आयुष्यभराची पुंजी टांगावी काय?

‘संघटना संगणकाच्या विरोधात होत्या, आता फोनच्याही विरोधात गेल्या,’ असे कोणी म्हणेल. तसे नाही. आमच्या सभेची सूचनाही व्हॉट्सॲपवरच जाते. पण जो सभासद आला नाही, त्याला निरोप मिळाला होता असे धरून आम्ही त्याचे सभासदत्व रद्द करत नाही. आमचा आक्षेप साधनाला नाही. स्वस्त साधनाच्या आडून जबाबदारी झटकण्याला आहे.

तक्त्यातली ‘बचत’ तरी कुठून येते? कागद, छपाई आणि बटवडा यांचा कंपनीचा खर्च हँडसेट आणि रिचार्ज यांच्या रूपाने ग्राहकाच्या खिशावर गेला. निरोप पोहोचवणाऱ्या माणसांची वेतने गेली. ज्या दूरसंचार खात्याच्या तारांवरून देशाचे निरोप गेले, त्याच्या सेवांची १ ऑक्टोबर २००० रोजी बीएसएनएल झाली आणि जानेवारी २०२० अखेर एका फटक्यात सुमारे ७८ हजार कर्मचारी ‘स्वेच्छेने’ घरी गेले. ही बचत नव्हे, खर्चाची आणि जोखमीची ढकलाढकली आहे.

म्हणून आमच्या मागण्या साध्या आहेत :

(१) ज्या संदेशाने मुदत सुरू होते, हक्क जातो किंवा सेवा तुटते, तो कागदावर, सहीच्या पोचेसह पाठवावा. फोनवरचा संदेश ही त्याची पुरवणी असावी, पर्याय नसावा.

(२) सूचना मिळाली हे सिद्ध करण्याचा भार पाठवणाऱ्यावर असावा.

(३) अनिवार्य सूचनेचे शुल्क ग्राहकाकडून घेऊ नये.

(४) असा संदेश ग्राहकाला कळणाऱ्या भाषेत असावा.

(५) टपाल खात्याची नोंदणी सेवा परवडणाऱ्या दरात टिकवावी आणि ग्रामीण डाक सेवकांना नियमित करावे.

पुढच्या वेळी कोणी अधिकारी खिडकीतून म्हणेल, ‘आम्ही तुम्हाला मेसेज पाठवला होता.’ तेव्हा मान खाली घालून परतू नका. शांतपणे एवढेच विचारा : ‘पाठवला असेल साहेब, पोच दाखवा.’