चालते काम हलवताना

जळगाव-धुळ्यातील अनेक घरांतली मुले-मुली आज संगणकाचे शिक्षण घेऊन पुणे-मुंबईला नोकरीला लागली आहेत. 'सर्व्हरवरच्या मशीन हलवतो' असे मुलगा सांगतो, तेव्हा तो नेमके काय उचलतो, हे आई-वडिलांना उमगत नाही. या वेळी आपण तेच समजून घेऊ.

सर्व्हर म्हणजे चोवीस तास चालणारा मोठा संगणक. एका मोठ्या इमारतीत जशी अनेक बिऱ्हाडे राहतात, तसे एका सर्व्हरवर सॉफ्टवेअरच्या मदतीने अनेक स्वतंत्र संगणक नांदवता येतात. त्यांना व्हर्च्युअल मशीन म्हणतात. एकावर शाळेचे निकाल, दुसऱ्यावर पतसंस्थेची खाती, तिसऱ्यावर दवाखान्याचे रिपोर्ट. पण सर्व्हर जुना झाला की ही बिऱ्हाडे दुसरीकडे न्यावी लागतात.

धुळ्याचे यंत्रमाग आपल्या परिचयाचे आहेत. माग दुसऱ्या शेडमध्ये न्यायचा तर तो बंद करावा लागतो, आणि तेवढा वेळ मजुरीही बुडते. व्हर्च्युअल मशीन मात्र चालू असतानाच हलवता येते. व्हीएमवेअर कंपनीने २००३ साली ही सोय बाजारात आणली. मशीनची स्मृती आधी नव्या सर्व्हरवर उतरवली जाते. तेवढ्यात जे बदलले, ते पुन्हा उतरवले जाते. अखेर क्षणभर थांबून मशीन नव्या जागी सुरू होते. खातेदाराला पत्ताही लागत नाही.

एक मशीन हाताने हलवणे सोपे आहे. पण दोनशे असतील तर? रात्री तीन वाजता थकलेला माणूस एखादी पायरी विसरतोच. म्हणून ऑर्केस्ट्रेटर किंवा अ‍ॅन्सिबलसारखी सॉफ्टवेअर वापरतात. त्यांत कामाचा क्रम एकदाच लिहून ठेवायचा: नव्या जागी जागा आहे का पाहा, बॅकअप तपासा, मशीन हलवा, ती नीट चालते का बघा, नसेल तर जुन्या जागी परत आणा. या क्रमाला वर्कफ्लो म्हणतात. जोखमीच्या पायरीवर तो थांबतो आणि जबाबदार माणसाची मंजुरी मागतो. ही मंजुरी वगळू नये, असे आम्हाला वाटते. क्रम चुकीचा लिहिला असेल, तर सॉफ्टवेअर तीच चूक दोनशे वेळा, तीही न थकता करील.

या कामाला आज मागणी का आहे? नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रॉडकॉम कंपनीने व्हीएमवेअर विकत घेतली. त्यानंतर कायमचा परवाना विकणे बंद झाले आणि ठरावीक मुदतीची वर्गणी सुरू झाली. त्यामुळे जगभर अनेक संस्था दुसऱ्या सॉफ्टवेअरकडे वळत आहेत. पण एका कंपनीच्या सॉफ्टवेअरमधून दुसऱ्याच्या सॉफ्टवेअरमध्ये जाताना मशीन बहुधा बंदच करावी लागते, तिच्या डिस्कची रचनाही बदलावी लागते. इथे घाई केली तर नुकसान ठरलेलेच.

आपल्या भागातल्या शाळा, पतसंस्था, दवाखाने चालवणाऱ्यांना आमची विनंती आहे. सर्व्हर बदलणाऱ्याला पैसे देण्यापूर्वी चार गोष्टी विचारा. बॅकअप उघडून पाहिला का? काम बिघडले तर मागे कसे येणार? सेवा किती वेळ बंद राहील, आणि लोकांना आधी कळवले का? परीक्षेचा निकाल किंवा फॉर्मची शेवटची तारीख त्याच दिवशी तर नाही ना? लोकांची माहिती ही आपल्याकडे ठेवलेली अमानत आहे. ती हलवताना हिशेब चोख हवा.

आणि ज्या मुला-मुलींना हे शिकायचे आहे, त्यांनी महागड्या क्लासची वाट पाहू नये. प्रॉक्समॉक्स हे सॉफ्टवेअर विनामूल्य मिळते. दोन जुने संगणक जोडून त्यावर मशीन इकडून तिकडे हलवण्याचा सराव घरीच करता येतो. सरावात शंभर वेळा बिघडले तरी कोणाचे काही जात नाही. नोकरीत एकदा बिघडले तर एखाद्याचा निकाल अडतो.