उजेड उपनगराचा, धूर डहाणूचा
२०२०च्या टाळेबंदीत अंधेरी-बोरिवलीचे आकाश निवळले, तेव्हा निसर्ग सावरल्याचे गोडवे आपण गायले. ते निवळणे धोरणाचे नव्हते, ठप्प झालेल्या व्यवहाराचे होते; २०२१मध्ये देशाचे कार्बन उत्सर्जन २०१९ची पातळी ओलांडून गेले. देशातील सुमारे ७० टक्के वीज आजही कोळशाची. उपनगरांच्या उजेडासाठी १९९५च्या सुमारास उभे राहिलेले ५०० मेगावॉटचे औष्णिक केंद्र डहाणूत आहे; १९९१ साली पर्यावरणदृष्ट्या नाजूक ठरवलेल्या, चिकूच्या बागांच्या तालुक्यात. मुंबईने २०२२च्या आराखड्यात २०५०पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जनाचे ध्येय ठेवले आहे. परंतु डहाणूचा धूर आपलाच आहे, असे वीजबिल भरणाऱ्याला जोवर वाटत नाही, तोवर ते शून्य कागदावरच राहील.