खोडी, चूक आणि गुन्हा



गेल्या पावसाळ्यातील गोष्ट आहे. दुकान वाढवून आपल्या वडगावच्या पेठेतील एक स्नेही सायंकाळी माझ्याकडे आले. पिढीजात कापडाचा व्यापार, माणूस मितभाषी. पाण्याचा पेला हातात तसाच धरून म्हणाले, "अण्णा, पोराचा दाखला काढून न्या म्हणतात शाळेतून. तुम्ही जरा चला माझ्याबरोबर."

मुलगा आठवीत शिकणारा, तेरा वर्षांचा. शाळेच्या संगणक कक्षात त्याने एक खोडी केली होती. पडद्यावर जसे दिसते तसेच चित्र टिपून त्याने ते पार्श्वभूमीला लावले आणि खरी चिन्हे लपवून ठेवली. दुसऱ्या दिवशी शिक्षकांनी माऊस कितीही दाबला, तरी काहीच उघडेना. वर्ग हसू लागला. व्हायरस शिरला असे समजून कक्ष दोन दिवस बंद ठेवण्यात आला आणि कोल्हापूरहून तंत्रज्ञ बोलावला गेला. त्याने पाच मिनिटांत सर्व पूर्ववत केले आणि आठशे रुपयांचे बिल दिले. चौकशी सुरू होताच मुलगा स्वतःहून उभा राहिला. त्याला आठ दिवस घरी बसवण्यात आले. त्यानंतर वडिलांना निरोप आला की दाखला न्या, अन्यथा प्रकरण सायबर पोलिसांकडे देऊ.

शाळेचे नाव येथे महत्त्वाचे नाही. असा प्रसंग कोणत्याही शाळेत आणि आपल्यापैकी कोणाच्याही घरात घडू शकतो, म्हणूनच हा लेखनप्रपंच.

चौतीस वर्षे बँकेत काढल्यामुळे चूक आणि अपहार यांत भेद करण्याची सवय मला जडली आहे. लेखापरीक्षणात एखादी गोष्ट नियमाबाहेर आढळली, तर आधी तीन गोष्टी पाहिल्या जात. पैसा कोणाच्या खिशात गेला का, कोणाचे नुकसान झाले का आणि संबंधिताने काही लपवले का. तिन्हींचे उत्तर नकारार्थी आले तर ती अनियमितता ठरे. समज देऊन किंवा फार तर वेतनवाढ रोखून विषय संपे. उत्तर होकारार्थी आले तर मात्र गय नसे. तेथेही आधी आरोपपत्र, मग खुलासा, मग चौकशी आणि शेवटी शिक्षा, हा क्रम मोडता येत नसे. या तेरा वर्षांच्या मुलाला खुलाशाचा एक कागदही कोणी मागितला नव्हता.

आपला कायदाही हेतू पाहतो. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० मधील कलम ४३ प्रमाणे परवानगीवाचून दुसऱ्याचा संगणक हाताळणाऱ्यावर नुकसानभरपाईची जबाबदारी येते. तेच कृत्य अप्रामाणिकपणे किंवा कपटाने केले असेल, तरच ते कलम ६६ खाली गुन्हा ठरते आणि त्यास तीन वर्षांपर्यंत कारावास, पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. अप्रामाणिकपणा म्हणजे एकाला गैरलाभ किंवा दुसऱ्याला गैरहानी पोहोचवण्याचा हेतू. वर्गाला हसवणे हा गैरलाभ नव्हे. शिवाय अठरा वर्षांखालील मुलाचा प्रश्न बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कक्षेत येतो. त्याखालील २०१६ च्या आदर्श नियमांप्रमाणे, अत्यंत गंभीर गुन्हा किंवा प्रौढांच्या संगतीने केलेला गुन्हा नसेल, तर मुलावर प्रथम माहिती अहवालच नोंदवला जात नाही. आणि दाखल्याविषयी म्हणाल, तर शिक्षण हक्क अधिनियम, २००९ चे कलम १६ आठवीपर्यंतच्या मुलाला शाळेतून काढून टाकण्यास मनाई करते. कलम १७ शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळासही मनाई करते.

हा पेच केवळ आपल्याकडचा नाही. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात कुट्झटाउन नावाचे लहानसे गाव आहे. तेथील शाळेने सुमारे सहाशे विद्यार्थ्यांना लॅपटॉप दिले आणि मुख्य पासवर्ड त्याच लॅपटॉपांच्या पाठीवर चिकटवलेला होता. मुलांनी तो वापरून बंदी असलेले गप्पांचे प्रोग्रॅम उतरवून घेतले, काहींनी तर नजर ठेवणारी व्यवस्थाच उलटवली. शाळेने प्रथम नेहमीच्या शिक्षा करून पाहिल्या, मुले ऐकेनात. शेवटी २००५ मध्ये तेरा विद्यार्थ्यांवर गंभीर स्वरूपाचे फौजदारी आरोप ठेवण्यात आले. देशभर टीका झाली आणि माफीचे पत्र व काही तासांची समाजसेवा यांवर प्रकरण मिटवण्याचा मार्ग निघाला. जी शिक्षा आरंभीच शोभली असती, तिच्यापर्यंत पोहोचण्यासाठी तेरा कुटुंबांना न्यायालयाच्या भीतीतून जावे लागले.

याउलट उदाहरण २०२१ मधील. शिकागोजवळच्या एका शालेय जिल्ह्यातील सहा शाळांच्या पडद्यांवर एप्रिलच्या अखेरीस एकाच वेळी १९८७ सालचे एक इंग्रजी गाणे वाजू लागले. करामत शेवटच्या वर्षाच्या काही विद्यार्थ्यांची होती. शिकवण्यात व परीक्षेत व्यत्यय येऊ नये याची त्यांनी काळजी घेतली होती आणि यंत्रणेतील उणिवा दाखवणारा सव्वीस पानांचा अहवालही प्रशासनाला पाठवला होता. प्रशासनाने तो अहवाल वाचला, कोणावरही कारवाई केली नाही, उलट आभार मानले.

मुलांचे सर्वच माफ करावे असे मी मुळीच म्हणत नाही. दुसऱ्याच्या खात्यात शिरणे, गुणपत्रिकेत फेरफार करणे, शिक्षकांचे वा एखाद्या मुलीचे छायाचित्र विकृत करून पसरवणे, या गोष्टींना खोडी म्हणणे म्हणजे अपहाराला लेखनदोष म्हणण्यासारखे आहे. तेथे पालकांनी मुलाची बाजू घेऊन उभे राहू नये. निरुपद्रवी खोडीचीही किंमत कोणीतरी मोजतोच. आमच्या प्रकरणात दोन दिवसांचे तास बुडाले, आठशे रुपये गेले आणि एका शिक्षकाची वर्गासमोर फजिती झाली. ही शेवटची बाब आपण दुर्लक्षू नये. माझ्या मते शिक्षेचा आकार मुलाच्या कृत्यावरून न ठरता त्या फजितीवरूनच ठरला होता. ज्या यंत्राची आपल्याला पुरती ओळख नाही, त्यातील लहान गोष्टही वडीलधाऱ्यांना मोठी वाटते. बँकेत संगणक आले तेव्हा माझीही हीच अवस्था होती, हे कबूल करण्यात मला संकोच नाही.

आम्ही दोघे मुख्याध्यापकांना भेटलो. मी कायद्याची कलमे खिशातच ठेवली. एवढेच सुचवले की मुलाने काय केले ते त्याला शिक्षकांसमोर करून दाखवू द्यावे. त्याने ते दोन मिनिटांत केले आणि दोन मिनिटांत पूर्ववतही केले. शिक्षक गंभीरपणे पाहत होते. शेवटी तेही हसले. सर्व यंत्रांचा पासवर्ड फळ्याच्या कोपऱ्यात खडूने लिहिलेला असे, हेही त्याच वेळी उघड झाले. तिजोरीची किल्ली काऊंटरवर ठेवणाऱ्या रोखपालाला आमच्याकडे प्रथम जाब विचारला जाई, हे मी हळूच बोललो. मुख्याध्यापकांनी मोठेपणाने ऐकून घेतले. मुलाने शिक्षकांची क्षमा मागितली आणि महिनाभर मधल्या सुटीत कक्षाची साफसफाई केली. आठशे रुपये वडिलांनी भरले व ते मुलाच्या खाऊच्या पैशांतून हप्त्याने वळते करून घेतले. दाखल्याचा विषय संपला.

पालकांना माझे सांगणे असे. शाळेतून असा निरोप आला तर मुलावर हात उगारू नका आणि शाळेवर तोंडसुखही घेऊ नका. मुलाला समोर बसवून काय केले ते करून दाखवायला सांगा. जो निर्धास्तपणे करून दाखवतो, त्याच्या मनात बहुधा पाप नसते. शाळेचे म्हणणे लेखी मागा, आपले म्हणणे लेखी द्या आणि झालेली झीज भरून द्या. मग आपल्या दुकानातील संगणकाकडेही एकदा पाहा. हिशेबाचा पासवर्ड मालकापासून हमालापर्यंत सर्वांना ठाऊक असेल, तर तो बदलण्याचा मुहूर्त आजचाच समजावा.

एक गोष्ट मात्र मिटली नाही. त्या आठ दिवसांत मुलाची घटक चाचणी बुडाली, तिचे फारसे काही नाही. पण वडिलांच्या दुकानातील बिलाचा संगणक पूर्वी तोच चालू करून देत असे. काही अडले की गिऱ्हाईक उभे असतानाच दुरुस्त करी. परवा मी कापड घ्यायला गेलो होतो. बिल अडकले. वडिलांनी त्याला हाक मारली. तो आला, यंत्रापासून हातभर दूर उभा राहिला आणि म्हणाला, "पप्पा, मी हात लावू का?"

वडिलांनी माझ्याकडे पाहिले. मग स्वतः खुर्चीवरून उठून त्यांनी त्याला तेथे बसवले.