रक्ताचा विटाळ कुणी माफ केला?

दक्षिण सुदानातल्या नुएर पोरांबद्दल पेपरात येतात त्या दोन ओळी ठरलेल्या : गुरांची लूट, टोळीयुद्ध, इतके मेले. वाचणाऱ्याने समजायचं की जमात रानटीच, खून हिच्या रक्तातच. दोस्तांनो, हे खोटं आहे. आणि कुणाच्या तरी सोयीचं आहे.

नुएर म्हणजे नाईलच्या दलदलीत गुरं पाळणारी माणसं. राजा नाही, पोलीस नाही. इवान्स-प्रिचर्ड हा इंग्रज मानववंशशास्त्रज्ञ १९३० साली त्यांच्यात गेला तो तिथल्या गोऱ्या सरकारच्या सांगण्यावरून. त्याच सरकारच्या विमानांनी थोड्याच आधी नुएरांवर बॉम्ब टाकले होते. आधी बॉम्ब, मग वही-पेन्सिल. पण गडी डोळे उघडे ठेवून लिहीत होता. त्याचं १९४० सालचं पुस्तक म्हणूनच अजून कामाला येतं.

त्यात खुनाचा निवाडा आहे. भाल्याने माणूस मारला की मारणारा धावत सुटायचा तो क्वार मुओनच्या घरी. क्वार मुओन म्हणजे मातीचा मुखिया, खांद्यावर बिबळ्याचं कातडं. त्याच्या दारात सूड घ्यायचा नाही. तो मासे मारायच्या भाल्याने खुन्याच्या दंडावर चीर द्यायचा, रक्त वाहू द्यायचा. तोवर खुन्याने घोटभर पाणी प्यायचं नाही. मग महिनोन्‌महिने बोलणी. चाळीस-पन्नास गुरं मेलेल्याच्या घरी जायची. ती विकून खायला नव्हेत. त्या गुरांवर मेलेल्याच्या नावाने बायको करायची, तिची पोरं त्याचं नाव लावणार. मेला तरी माणूस पुसला जाता कामा नये.

या मुखियाच्या हातात ना काठी ना तुरुंग. तरी लोक ऐकायचे, कारण विटाळ. हा शब्द ऐकला की आपलं टाळकं सरकतं, सरकलंच पाहिजे. पण तिथला विटाळ जन्माला चिकटत नाही, खुनाला चिकटतो. निवाडा होईतो दोन्ही घरांनी एका भांड्यातलं खायचं नाही, तिसऱ्याच्या घरीसुद्धा. खाल्लं तर मरण. आणि उन्हाळ्यात तर एकाच पाण्यावर गुरं आणायची. म्हणजे मिटवल्याशिवाय जगताच येत नाही. गोदीत आमच्या टोळीचं असंच. रात्री दोघांची डोकी फुटोत, सकाळी एकाच ओझ्याची दोन टोकं धरायची असतात. एकाने सोडलं तर दुसऱ्याचा पाय जातो.

सगळं गोड होतं असं नाही. लांबच्या नुएरांपर्यंत हा निवाडा पोचतच नव्हता, आणि शेजारच्या डिंकांची गुरं पळवणं म्हणजे तर पराक्रम. पोराच्या कपाळावर सहा रेघा कापल्या की तो मर्द, आणि मर्दाला लग्नाला गुरं पाहिजेत. बापाकडे नसली तर आणणार कुठून? परंपरेची आरती करायला मी बसलेलो नाही.

पण १९८३ पासूनच्या युद्धात बंदुका आल्या. भाला कुणाचा ते कळतं, गोळी कुणाची ते कळत नाही. तेवढंही निभलं असतं. शॅरन हचिन्सन या अमेरिकन अभ्यासक बाईंनी पुढचं लिहून ठेवलंय : रीक माचर, स्वतः नुएर आणि बंडखोर फौजेचा कमांडर, लोकांना पटवू लागला की सरकारी युद्धात मारलेल्याचा विटाळ लागत नाही. दंडावर चीर नको, गुरं नकोत. इथं मेख आहे! पोरांना खुनाची माफी वरून, शिकल्यासवरल्या पुढाऱ्याने दिली. १९९१ मध्ये ती फौज फुटली, माचरच्या बाजूच्या लोकांनी बोरमध्ये डिंका बायापोरं मारली. मग नुएरांनी नुएरांचीही.

‘पांढरी फौज’ म्हणतात ती याच दिवसांतली. गुरांच्या तळावरची पोरं, अंगाला शेणाची राख. शाळा नाही, दवाखाना नाही, गुरं राखायला बंदूक आहे. सरकार येतं ते २००६ सारखं, बंदूक काढून घ्यायला. आणि डिसेंबर २०१३ मध्ये जुबात सरकारच्याच शिपायांनी नुएर माणसं घराघरांतून ओढून मारली, तेव्हा ही पोरं बोरवर चालून गेली. मार्च २०२५ मध्ये त्यांनी नासिरची लष्करी छावणी घेतली. त्यांनी मारलेली माणसंही माणसंच होती. पण त्यांना नुसतं गुंड म्हणून मोकळं होता येत नाही.

मिटवता येतं हेही दिसलंय. १९९९ मध्ये वुनलीत गावी चर्चच्या पुढाकाराने डिंका आणि नुएर मुखिया बसले, एकमेकांसमोर सगळं ओकले, पांढरा बैल कापला, पळवलेल्या बायापोरांना परत करायचं ठरलं. त्याच वर्षी नुएरांच्या जमिनीखालचं तेल पाइपातून समुद्राकडे वाहू लागलं आणि तेलासाठी गावं जाळणं चालूच राहिलं. २००३ मध्ये त्या तेलात २५ टक्के वाटा आपल्या भारत सरकारच्या ओएनजीसी विदेशने विकत घेतला. तेव्हा ‘आफ्रिकेतली भांडणं’ म्हणून आपणही हात झटकू नयेत.

पोरांनी निवाड्याला बसावं, मुखियांनी त्यांना समजवावं, ठीक आहे. पण ज्यांनी विटाळ माफ केला त्यांचा निवाडा कोण करणार? २०१५ च्या करारात आणि पुन्हा २०१८ च्या करारात लिहिलंय की आफ्रिकी संघ खास न्यायालय काढेल, मोठ्यांनाही तिथं उभं करेल. त्या न्यायालयाची अजून एक खुर्चीही मांडलेली नाही.